माग्रित आणि ‘मिश्रणा’चा सिद्धांत

रने माग्रित (1898–1967) या बेल्जियन चित्रकाराने वास्तववाद आणि जादुई आभास यांचे ‘मिश्रण’ केले, हे विधान इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. मिश्रण म्हटले की दोन घटक आधी वेगळे असावे लागतात. माग्रितच्या चित्रांत हा दुसरा, वरून घातलेला घटक दाखवता येईल काय? ‘प्रकाशाचे साम्राज्य’ ही मालिका त्याने 1949पासून पुन्हापुन्हा रंगवली. तिच्यात खाली रात्रीचा रस्ता, पेटलेला दिवा, काळोखी झाडे. वर दिवसाचे निळे आकाश. यातील एकही वस्तू अद्भुत नाही. अशक्यता आहे ती दोन निःशंक वर्णनांच्या शेजारात, आणि वर्णने निःशंक आहेत म्हणूनच ती जाणवते.

ही कोरडी, दुकानाच्या पाटीला शोभावी अशी शैली आकाशातून पडलेली नव्हे. भिंतींना लावायच्या कागदाच्या कारखान्यातील नक्षीकाराची नोकरी, पुढे भाऊ पॉल याच्यासह केलेली जाहिरातींची कामे हा भाग पोटापाण्याचा म्हणून बहुधा बाजूला सारला जातो. वस्तू क्षणात ओळखू आली पाहिजे, हा जाहिरातीचा धडा मात्र त्याच्या कलेचा कणा आहे. याचा पुरावा त्याच्याच कारकीर्दीत सापडतो. 1943च्या सुमारास, जर्मन ताब्यातील बेल्जियममध्ये, त्याने रन्वारच्या धर्तीची मऊ, झगमगती चित्रे काढली. 1948मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मुद्दाम ओबडधोबड. कल्पना पूर्वीच्याच कुळातल्या होत्या. जादू तेवढी उडाली. ती स्वतंत्र घटक असती तर शैली बदलल्यावरही टिकायला हरकत नव्हती.

1912मध्ये सांब्र नदीत बुडून झालेल्या आईच्या आत्महत्येत त्याच्या झाकलेल्या चेहऱ्यांचा उगम शोधणारे वाचन येथे निरुपयोगी ठरते. (असे उलगडे त्याला स्वतःला मान्य नव्हते.) फूकोने 1968च्या निबंधात निदान चित्र आणि त्याखालचे वाक्य यांच्याकडे पाहिले. पण त्याचा दाखला देणाऱ्यांच्या हाती 1929चा तो पाइप चिन्हमीमांसेचे उदाहरण होऊन बसला. तो पाठ्यपुस्तकातील आकृतीसारखा का रंगवला आहे, हे पाहायला कोणी थांबत नाही.

‘जादुई वास्तववाद’ ही संज्ञा आपल्याकडे लॅटिन अमेरिकन कादंबरीच्या वाटेने आली, तरी फ्रान्झ रोह याने 1925मध्ये ती अभिव्यक्तिवादानंतरच्या चित्रकलेसाठी वापरली होती. त्या चित्रकलेत भुतेखेते आवश्यक नव्हती. वस्तूंकडे रोखलेली थंड, अचूक नजर आवश्यक होती. मराठी समीक्षेने नेमकी ही अट गाळली. परिणामी, जिच्यात पिंपळावरचा मुंजा येतो पण लेखकाला पिंपळाचे पान एकदाही दिसलेले नसते, अशा कादंबरीलाही ही संज्ञा बिरुदासारखी बहाल होते, आणि तिच्या वर्णनातील ढिसाळपणाची झडती घेण्याचे काम समीक्षक परस्पर टाळतो.