काचेचा आकडा कुणी तपासला?

मंडळी, आपल्या गावात नवी सरकारी इमारत उभी राहतेय. पश्चिमेला नुसती काचच काच! तिचा ऊर्जा अहवाल परवा चाळला. कॉम्प्युटरवर इमारतीचं मॉडेल करून वर्षाला वीज किती, एसी किती टनांचा, हे काढलंय. चांगलंच आहे.

पण मॉडेलमधली खिडकी म्हणजे मुख्यतः तीन आकडे. यू-व्हॅल्यू, म्हणजे आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे किती उष्णता आरपार जाते. एसएचजीसी, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते. तिसरा उजेडाचा. हे आकडे भरतो माणूस. आपण खरंच तशी काच बसवणार का, हे सॉफ्टवेअर विचारत नाही.

अहवालात एसएचजीसी 0.27 आहे. केंद्राच्या ईसीबीसी 2017 या संहितेत आपल्यासारख्या उष्ण भागात, उत्तर सोडून इतर दिशांना, जास्तीत जास्त तेवढाच चालतो. साध्या एकेरी काचेचा हाच आकडा 0.8च्या आसपास. म्हणजे जवळजवळ तिप्पट ऊन आत! साइटवर विचारलं, काच कुठली? उत्तर मिळालं, "साहेब, काच ती काच."

यू-व्हॅल्यू नुसत्या काचेची धरली की अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीसकट, तेही अहवालात नाही. चौकट तापते हो, हात लावून बघा मे महिन्यात.

काच बसायच्या आधी तिचं बिल आणि कंपनीचं प्रमाणपत्र अहवालाशी ताडून बघा, एवढीच मागणी आहे. एकदा बसली की कोण काढतंय? मग एसी वाढवायचे आणि बिल आपल्या करातून. सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. उत्तर आलं की इथेच टाकतो.