राष्ट्र एक, राज्ये किती?

वर्धा जिल्ह्यातील तरोडा येथे १९२३ साली जन्मलेल्या मा. गो. वैद्य यांनी नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन केले, पुढे ‘तरुण भारत’चे संपादकपद भूषविले, १९७८ ते १९८४ या काळात ते विधान परिषदेत होते आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रवक्ते म्हणून देशभर परिचित झाले. १९ डिसेंबर २०२० रोजी ते निवर्तले.

राष्ट्र संस्कृतीने घडते, राज्य ही केवळ शासनाची व्यवस्था, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र होते. त्या संस्कृतीला ‘हिंदू’ हे एकच नाव देण्यास अनेकांचा तेव्हाही विरोध होता व आजही आहे. परंतु याच सूत्राच्या आधारे त्यांनी २०१६ मध्ये महाराष्ट्राची चार राज्ये करावीत असे सुचविले आणि वादळ उठले. राज्याची लोकसंख्या तीन कोटींहून अधिक व पन्नास लाखांहून कमी नसावी, हा त्यांचा निकष. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५५ मध्ये मराठी मुलखाची चार राज्ये सुचविली होती. तेव्हा अशी सूचना करणाऱ्यास महाराष्ट्रद्रोही ठरविणे अन्यायाचे होय.

तथापि सूचना मांडण्याचा अधिकार मान्य करणे वेगळे आणि निकष मान्य करणे वेगळे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११.२४ कोटी, तिचा चौथा हिस्सा २.८१ कोटी. हिशेब सुटसुटीत दिसतो. पण पुणे व नाशिक हे दोन महसूल विभाग एकत्र ठेवल्यास तेवढ्यांचीच लोकसंख्या ४.२ कोटी भरते. शिवाय माणसांची वाटणी नकाशावर रेषा ओढून करता येते. मुंबईत गोळा होणाऱ्या कराची तशी करता येत नाही. रोहण्याच्या शेतकऱ्याच्या कापसाचा हमीभाव तर, राजधानी मुंबई असो वा नागपूर, दिल्लीतच ठरणार.

मात्र पाटबंधारे आणि रस्ते राज्याच्याच हाती असतात. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचे आकडे मांडले. ते वेळीच भरून निघाले असते, तर वेगळ्या विदर्भाची मागणी इतकी टिकली नसती. वैद्यांचा निकष नाकारणाऱ्यांवर म्हणूनच एक जबाबदारी येते. प्रत्येक विभागाकडून किती महसूल आला व त्याच्यावर किती खर्च झाला, याचा हिशेब शासनाने दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा, असा आग्रह त्यांनी धरला पाहिजे. अखंड महाराष्ट्राची बाजू भावनेपेक्षा त्या हिशेबानेच भक्कम होईल.