लाईटीला जोर नाही

'लाईट आहे, पण लाईटीला जोर नाही.' आमच्या गावात हे वाक्य 'यंदा पाऊस नाही' म्हणावं तितक्या सहज म्हटलं जातं. पाऊस माणसाच्या हातात नाही. लाईटीचा जोर मात्र डीपीपासून घरातल्या होल्डरपर्यंत माणसांनीच ओढलेल्या तारांवर असतो. तरी आपण दोन्ही गोष्टी नशिबाच्या एकाच गाठोड्यात बांधून मोकळे होतो. माझं भांडण या मोकळं होण्याशी आहे.

तक्रार घेऊन गेलं की कचेरीतलं उत्तर ठरलेलं: "तुमच्या घरातलं वायरिंग बघा." कधीकधी ते खरंही असतं. म्हणून आधी आपलं घर बघावं. एकच बल्ब लुकलुकत असेल तर दोष बल्बात, होल्डरात नाहीतर बटणात. एकाच खोलीतले सगळे दिवे लुकलुकत असतील तर त्या खोलीच्या बोर्डातली तार ढिली. अख्खं घर लुकलुकतं आणि शेजारी ठीक आहे, तर मीटरजवळची किंवा खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरीची जोडणी सैल नाहीतर जळालेली. वारं सुटलं की दिवा मिचकावतो, तर खांबाकडंच बघा.

पण संध्याकाळी आळीतली सगळीच घरं मंद होत असतील, तर दहा घरांचं वायरिंग रोज दिवेलागणीलाच बिघडतं, असं कुणी सांगू नये. तिथं एकतर डीपीवर झेपत नाही इतका भार आहे, नाहीतर डीपी लांब आणि तार बारीक आहे. शेवटच्या खांबापर्यंत जाता जाता व्होल्टेज गळतं. पाटाच्या टोकाच्या रानाला पाणी पोचत नाही, तसंच.

"तुम्ही आकडे टाकता, म्हणून डीपी दबते," असं वर ऐकवतात. आकडे पडतात हे खोटं नाही, आणि आकडेवाल्याची बाजू मी घेणार नाही. त्याच्या शेगडीपायी शेजारणीचा मिक्सर फिरत नाही. पण आकडा काढणं काम कुणाचं? वेळेवर बिल भरणाऱ्या म्हातारीनं खांबावर चढायचं का?

आमचंही शहाणपण बघा. ज्याच्याकडं पैसा आहे तो तालुक्याहून स्टॅबिलायझर आणतो. तो स्टॅबिलायझर आपलं व्होल्टेज चढवायला लाईनीतून जास्त करंट ओढतो, म्हणजे टोकाच्या घराचा दिवा आणखी पडतो. एकाचं भागलं की ओरडणारं एक तोंड कमी होतं, आणि कचेरीला तेच हवं असतं.

सगळ्यात घातकी लक्षण वेगळंच. एका घरात दिवे मंद आणि त्याच वेळी समोरच्या घरात नको इतके लख्ख. तसं दिसलं की डीपीकडचा न्यूट्रल तुटलाय किंवा ढिला झालाय, असं समजा. २३० व्होल्टच्या जागी काही घरांत ४०० च्या जवळपास जाऊ शकतं. टीव्ही, फ्रीज जळतात ते असेच. मेन स्विच बंद करायचा आणि वायरमनला कळवायचं, एवढंच आपलं काम. आमच्याकडं मात्र जमिनीत सळई ठोकून तिच्यावर दिवा लावायची, वर पाणी ओतायची हुशारी चालते. मग त्या सळईभोवतीच्या ओल्या जमिनीतच करंट उतरतो, आणि तिथं गाय जाते नाहीतर पोर. हा जिवाशी जुगार आहे.

त्यात आता एलईडी आला. जुना पिवळा बल्ब प्रामाणिक होता. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की त्याचा उजेड जवळजवळ तीस टक्के घटायचा. आई चुलीपुढून म्हणायची, "आज नुसती तार लाल दिसतीया." चांगला एलईडी व्होल्टेज बरंच उतरलं तरी तसाच पेटतो. घर उजळलेलं दिसतं, आणि तिकडं फ्रीज घुं घुं करतो पण चालू होत नाही, मोटारीचं वायंडिंग जळतं. शहरातून सुट्टीला आलेला पाहुणा म्हणतो, "तुमच्याकडं आता लाईट छान आहे हो." त्याच्या सोसायटीत दिवा मिचकला की लगेच फोन फिरतात, आमच्या जळालेल्या मोटारीचं बिल त्याला दिसत नाही.

म्हणून डोळ्यांवर जाऊ नका, मोजा. गावात वायरिंग करणाऱ्या कुणाकडंही मीटर असतो. दुपारी, दिवेलागणीला आणि निजानीज झाल्यावर व्होल्टेज मोजून घ्या, तारीख-वेळेसह वहीत लिहा. घरगुती लाईन २३० व्होल्टची, त्यात सहा टक्के इकडंतिकडं. म्हणजे साधारण २१६ ते २४४. रोज संध्याकाळी १७० भरत असेल तर तो गावाचा भोग नव्हे, सेवेतला कसूर आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या ५७ व्या कलमात सेवेचे निकष आणि ते न पाळल्यास ग्राहकाला भरपाई, दोन्ही लिहिलेलं आहे. आळीनं मिळून लेखी अर्ज करा, पोच घ्या, वहीची नक्कल जोडा. डीपीच्या दुरुस्तीला वर्गणी काढायची जुनी सवय आता सोडा. वर्गणी आपण बिलातून आधीच भरली आहे. तारेवरच्या आकड्यानं गावाची मान खाली गेली असेल, तर वहीतल्या आकड्यानं ती वर येऊ द्या.