लिंबाचा वास आला, जीवनसत्त्व नाही

गोव्यात तयार होणाऱ्या ‘स्ट्रेंजर अँड सन्स’सारख्या क्राफ्ट जिनमध्ये जुनिपरच्या फळांबरोबर लिंबूवर्गीय फळांच्या सालीही वापरतात. त्यामुळे अशी जिन ‘नैसर्गिक’, म्हणून कमी अपायकारक, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात ऊर्ध्वपातनात सालीतील लिमोनीनसारखी सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर वर जातात. ‘क’ जीवनसत्त्व मागेच राहते.

जिनची पारख करणारे तिच्यात पाणी घालतात. अल्कोहोलचा झणका कमी झाला की सुगंध नीट कळतो. घोट तोंडात घोळवून ते थुंकून टाकतात. पिणारा मात्र तो गिळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले. मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. सालीचा सुगंध त्यात काहीच बदल करत नाही.