एकदाच तिकीट, दिवसभर धावाधाव

लहानपणी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत वडील हातावर मोजून पैसे ठेवीत. पाळण्यात बसावे की खेळणे घ्यावे, हे ठरविण्यातच अर्धा तास जाई. पण एकदा बसलो की तो पाळणा वर्षभर आठवे.

गेल्या सुटीत आम्ही मित्र खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात गेलो. २०१३ साली सुरू झालेल्या या उद्यानात दारावर एकदाच तिकीट काढायचे. मग बहुतेक खेळांना निराळे पैसे नाहीत. अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्येही १९५५ पासून खेळांची कूपने असत. १९८२ मध्ये ती जाऊन एकच तिकीट आले. वाणिज्याच्या दृष्टीने हे योग्यच. यंत्रांचा मोठा खर्च आधीच झालेला असतो. आणखी एक माणूस बसल्याने तो फारसा वाढत नाही.

चुकला तो आमचा हिशेब. 'पैसे वसूल' म्हणत आम्ही अरबस्तानातून युरोपात धावलो. 'नायट्रो'त पाय अधांतरी लोंबत असताना माझे लक्ष पुढच्या रांगेकडे! 'आय फॉर इंडिया'त आसने वर उचलली जातात आणि पडद्यावर आकाशातून आपला देश दिसतो. परतताना गाडीत माझा कन्नड मित्र त्याचे रंगून वर्णन करीत होता. शेजारीच बसूनही मला आठवत होते ते फक्त हातातले घड्याळ.

दिलेले पैसे हा बुडीत खर्च, त्यावरून पुढचा निर्णय घेऊ नये, असे आपण परीक्षेत लिहितो आणि गुणही मिळवतो. यंदा सहलीला जाणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे: चार खेळ राहिले तर राहू द्या, जे पाहाल ते डोळे भरून पाहा.