केंद्र तेच, क्रमांक नवा

२८ जून २०२४ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. १९३६ नंतरचा जून महिन्यातील हा सर्वाधिक एकदिवसीय पाऊस, असे वृत्त देशभर झळकले. आठ दशकांहून अधिक काळाच्या नोंदी एकाच केंद्राच्या नावावर सलग मांडता येतात, म्हणूनच ‘१९३६ नंतरचा’ असे म्हणता येते. संगणकाच्या दृष्टीने हे ‘नाव’ म्हणजे एक क्रमांक. आणि क्रमांक बदलतात.

जागतिक हवामान संघटनेच्या जुन्या पद्धतीत सफदरजंगचा क्रमांक ४२१८२, तर पालमचा ४२१८१. पाच अंकांची ही व्यवस्था अपुरी पडू लागल्यावर संघटनेने चार भागांची नवी ओळख आणली. तीनुसार सफदरजंग ०-२००००-०-४२१८२ असे लिहिले जाते. जुना क्रमांक नव्याच्या पोटात जपला गेला, हे शहाणपणाचे झाले. परंतु एखाद्या संशोधकाने आपल्या डेटाबेसमध्ये तो पाच अंकी क्रमांकच केंद्रांच्या तक्त्याची प्रायमरी की म्हणून योजला असेल, तर त्याच्यापुढे पेच उभा राहतो. पूर्णांकाच्या रकान्यात जोडरेघा मावत नाहीत. रकान्याचा प्रकार बदलला, तरी पावसाची प्रत्येक नोंद जुन्या क्रमांकाकडेच बोट दाखवत असते.

डेटाबेसमधील ओळीला प्रोग्रॅममधील वस्तूचे रूप देणारा ओआरएम, म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, येथे फसवी सोय देतो. वस्तूच्या की-ला नवे मूल्य द्यावे आणि जतन करावे, इतके ते सोपे दिसते. जँगोमध्ये असे केल्यास जुनी ओळ बदलत नाही. जँगो नव्या की-ची ओळ शोधतो, ती न सापडल्यास नवी ओळ घालतो, आणि जुनी ओळ आपल्या सर्व नोंदींसह जागीच राहते. एका सफदरजंगची दोन होतात: १९३६ चा पाऊस एकाकडे, यापुढचा दुसऱ्याकडे. मग पुढच्या जूनमधला कोणताही बरा पाऊस ‘विक्रमी’ ठरेल. आणि चुकून ४२१८२ च्या जागी ४२१८१ टंकले गेले, तर पालमच्या ओळीवर सफदरजंगचे नाव व अक्षांश-रेखांश चढतात. दोन्ही प्रसंगी त्रुटीचा संदेश येत नाही.

हायबरनेट अशा वेळी सरळ नकार देतो, आणि विद्यार्थ्यांना तो हटवादी वाटला तरी वर्तन त्याचेच योग्य आहे. एसक्यूएलअल्केमी जुनी की लक्षात ठेवून तीच ओळ अद्ययावत करतो. पण संबंधित तक्त्यांतील संदर्भ बदलतील की नाही, हे डेटाबेसमधील कॅस्केडच्या नियमांवर आणि मांडणीवर अवलंबून राहते. सारख्याच दिसणाऱ्या दोन ओळींच्या कोडचे तीन ठिकाणी तीन अर्थ होतात, हे पाठ्यक्रमात क्वचितच सांगितले जाते.

खरा दोष साधनाचा नाही. बाहेरची संस्था ठरवते तो क्रमांक प्रायमरी की करणेच चुकीचे. ४२१८२ पाहताच केंद्र ओळखू येते, हा सोयीचा युक्तिवाद खोटा नाही; मात्र ती सोय वेगळ्या, अद्वितीयतेचे बंधन असलेल्या रकान्यातूनही मिळते. की निरर्थक असावी, आणि केंद्राचे क्रमांक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू होते याचा स्वतंत्र तक्ता असावा. ती निरर्थक की प्रबंधात किंवा सामायिक फाइलमध्ये मात्र छापू नये, नाहीतर तीही हळूहळू अर्थपूर्ण होऊन बसते.

ज्यांची रचना आधीच जुन्या पद्धतीची आहे, त्यांनी ओआरएम बाजूला ठेवून एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये नवा रकाना जोडावा, भरावा, सर्व संदर्भ त्याकडे वळवावेत आणि मगच जुनी की सोडावी. त्याआधी व त्यानंतर प्रत्येक केंद्राच्या नोंदींची संख्या आणि पहिली तारीख काढून ताडून पाहावी. त्याला एक क्वेरी पुरते.