आधी शिट्टी, मग चकमक

परवा लोणावळ्याहून राजमाचीला निघालो तेव्हा ८ वर्षांची लेक भलतीच खुशीत होती. दोन महिने गच्चीवर आमचा सराव चालला होता, चकमकीची ठिणगी नारळाच्या काथ्यावर पाडायचा. (बायकोच्या मते हौस बापालाच जास्त. असो.)

वाटेत मी बुटाची लेस बांधायला थांबलो आणि पोरगी गायब! दहा मिनिटं हाका मारत फिरलो. सापडली ती भलत्याच ढोरवाटेवर, आम्हाला शोधत पुढे पुढे चाललेली. गळ्यात शिट्टी होती, पण कधी वाजवायची हे मी सांगितलंच नव्हतं.

मला विचाराल तर आग पेटवणं सगळ्यात शेवटी शिकवावं. राखीव जंगलात परवानगीशिवाय ती पेटवणं १९२७च्या वन कायद्याने गुन्हाच आहे. आधी हे: चुकलीस की चालू नकोस. झाडापाशी बस. तीनदा शिट्टी, थांब, पुन्हा तीनदा. टीव्हीवरचे जंगलवीर असे नुसते बसलेले कोण बघणार म्हणा!

आता दर रविवारी सोसायटीच्या बागेत ती लपते, मी शोधतो. तळमजल्यावरचे काका शिट्ट्यांनी वैतागलेत.